वसंत देसाई : पडद्यावरून प्रार्थनेकडे

शाळेत असताना तुम्ही सकाळच्या प्रार्थनेला रांगेत उभे राहिला असाल, तर वसंत देसाई यांची एखादी चाल तुमच्या मुखातून उमटली असण्याचा संभव मोठा आहे. ती चाल कोणाची, हे मात्र तुम्हाला बहुधा कोणी सांगितले नसेल. चित्रपटातील गीत लोकप्रिय होणे नवलाचे नाही. कर्त्याचे नाव गळून पडावे आणि ते लोकांच्या नित्यपाठात मिसळावे, असे क्वचितच घडते. या घटकात वसंतरावांचे चरित्र आपण या दृष्टीने पाहणार आहोत.

त्यांचा जन्म १९१२ साली आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सोनवडे या गावी झाला. बालपण कुडाळच्या परिसरात गेले. दशावतारी खेळ, भजन आणि कीर्तन यांनी हा मुलूख भारलेला आहे, हे ध्यानात घ्या. विशीच्या आतच ते कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले, तेही केवळ संगीतासाठी नव्हे. १९३० च्या ‘खुनी खंजर’ या मूकपटात त्यांनी भूमिका केली. पुढे गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव यांच्या हाताखाली काम करताना त्यांची खरी घडण झाली. व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून राजकमल कलामंदिर स्थापन केले, तेव्हा ‘शकुंतला’चे (१९४३) संगीत वसंतरावांकडे आले.

राजकमलमधील कामाची व्याप्ती थक्क करणारी आहे. ‘अमर भूपाळी’साठी (१९५१) त्यांनी होनाजीच्या भूपाळीला दिलेली चाल पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायिली, आज अनेकांना ती शाहिराच्या काळापासूनचीच वाटते. ‘झनक झनक पायल बाजे’च्या (१९५५) शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा स्वर घेतला, तर पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचे संतूर वाजले. विजय भट्ट यांच्या ‘गूँज उठी शहनाई’त (१९५९) सनई बिस्मिल्ला खाँ यांची होती. शास्त्रीय संगीतातील थोर कलावंतांना चित्रपटात आणूनही त्यांची गाणी सामान्य श्रोत्याला परकी वाटली नाहीत. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चे (१९५३) घरगुती वळणाचे संगीतही त्यांचेच.

आता ‘दो आँखें बारह हाथ’कडे (१९५७) वळू. सहा कैद्यांना माळरानावर नेऊन माणसांत आणू पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या प्रयोगावर बेतली होती. तिच्यासाठी भरत व्यास यांनी प्रार्थना लिहिली. संगीतकाराला येथे तानांचा, हरकतींचा मोह पडू शकला असता. वसंतरावांनी चाल संथ ठेवली आणि अशिक्षित गळ्यांनाही समूहात झेपेल अशी बांधली. गाणाऱ्यांची पात्रता ओळखून रचना करणे हे विद्वत्ता दाखवण्यापेक्षा अवघड असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ती प्रार्थना चित्रपटगृहातून थेट शाळांच्या पटांगणावर गेली. चौदा वर्षांनी ‘गुड्डी’साठी (१९७१) गुलजार यांच्या शब्दांना दिलेल्या चालीचेही तेच झाले. तेथे तर चित्रपटातील प्रसंगच शाळेतील प्रार्थनेचा होता. मधल्या काळात, १९६६ मध्ये, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या कांचीच्या शंकराचार्यांच्या संस्कृत शांतिगीताची स्वररचनाही वसंतरावांचीच, हे आजही थोड्यांना ठाऊक असते.

राजकमलशी इतके जवळचे नाते असूनही ‘नवरंग’चे (१९५९) संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. वसंतराव रंगभूमीवरही रमले. विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ची नाट्यपदे त्यांनी बांधली. ‘गुड्डी’त त्यांनी वाणी जयराम या नव्या गायिकेला दिलेले मल्हाराचे गाणे घरोघरी पोचले.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते.

पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी वरील दोन्ही हिंदी प्रार्थना एकामागून एक ऐका. गाणाऱ्यांच्या समूहाला श्वास घेण्यासाठी चालीत जागा कोठे ठेवली आहे, ते आपल्या वहीत टिपून ठेवा.