गज आणि तलवार

९ एप्रिल १७८७ रोजी लंडनच्या कार्लटन हाउसमध्ये ब्रिटनचा युवराज आणि त्याचे निमंत्रित तलवारबाजीचा एक सामना पाहण्यासाठी जमले होते. एका बाजूला शेव्हालिए देऑन. वय ५८, एकेकाळी फ्रान्सच्या राजाचे हेर व मुत्सद्दी आणि आता कायम स्त्रीवेशात वावरणारे. दुसऱ्या बाजूला ४१ वर्षांचा, उंचापुरा, सावळ्या वर्णाचा शेव्हालिए द सँ जॉर्ज. देऑनने सात वेळा तलवारीचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला लावले आणि जमलेल्या मंडळींची चांगलीच करमणूक झाली. ज्याच्या वाद्यवृंदासाठी हायडनने नुकत्याच सहा सिंफनी रचल्या होत्या, तोच हा कलावंत, याची जाणीव त्या दिवाणखान्यात फारच थोड्यांना असावी.

त्याचे मूळ नाव जोसेफ बोलोन. जन्म १७४५ च्या नाताळचा, कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप या फ्रेंच बेटावरचा. वडील जॉर्ज बोलोन उसाच्या मळ्यांचे धनाढ्य मालक, तर आई नानों ही त्यांच्याच घरातील गुलाम. गुलाम स्त्रीचे मूल गुलामच, असा वसाहतींचा कायदा होता. जॉर्जने मात्र या मुलाला आपले नाव दिले आणि १७५३ मध्ये शिक्षणासाठी फ्रान्सला नेले. नानोंही पुढे पॅरिसला आली.

तेराव्या वर्षी तो ला बोएसिए या नामवंत उस्तादाच्या निवासी तालमीत दाखल झाला. तालीम म्हटली तरी ती निव्वळ दंडबैठकांची जागा नव्हती. गणित, इतिहास, भाषा, चित्रकला, संगीत असे सरदारपुत्रांना साजेसे सगळे शिक्षण तेथे मिळे आणि उरलेला वेळ तलवारीचा. काही वर्षांतच त्याच्या हाताचा वेग पॅरिसभर बोलला जाऊ लागला. रुआँ येथील पिकार नावाच्या उस्तादाने त्याच्या वर्णावरून जाहीर टवाळी केली, तेव्हा या कोवळ्या मुलाने त्याला सामन्यात धूळ चारली. खूश झालेल्या वडिलांनी घोडागाडी बक्षीस दिली. राजाच्या रक्षक दलात नेमणूक झाली आणि नावामागे शेव्हालिए ही उपाधी लागली. १७६६ मध्ये इटलीचा फाल्दोनी त्याच्याविरुद्ध जिंकला खरा, पण युरोपातील सर्वश्रेष्ठ तलवारबाज सँ जॉर्जच, असे त्यानेच जाहीर केले.

हे सारे चालू असताना दुसऱ्या हातात व्हायोलिन होते. १७६९ मध्ये गोसेक या संगीतकाराच्या ‘काँसेर देझामातर’ या वाद्यवृंदात तो साधा वादक म्हणून बसला. १७७२ मध्ये स्वतः रचलेले दोन कॉन्चेर्तो त्याने एकल वादक म्हणून सादर केले आणि पुढच्याच वर्षी वाद्यवृंदाची सूत्रे त्याच्याकडे आली. या रचनांत व्हायोलिनच्या पट्टीवर डावा हात वरच्या स्वरांपर्यंत चपळाईने धावतो, तर उजवा गजाला क्षणात या तारेवरून त्या तारेवर नेतो. ऐकताना तालमीतील मनगटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फ्रान्समध्ये तार-चतुष्क लिहिणाऱ्या पहिल्या काही संगीतकारांतही त्याची गणना होते. आज त्याला ‘काळा मोझार्ट’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती मात्र चुकीची आहे. मोझार्ट त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होता. १७७८ मध्ये तो पॅरिसमध्ये काम शोधत हिंडत होता, तेव्हा सँ जॉर्ज शहरातील एका अग्रगण्य वाद्यवृंदाचा प्रमुख होता.

याच वैभवाच्या काळात त्याला खरा घाव बसला. १७७६ मध्ये पॅरिसच्या राजकीय ऑपेराच्या संचालकपदासाठी त्याचे नाव पुढे आले. गुणवत्तेबद्दल कोणाचीच शंका नव्हती. पण सोफी आर्नू, रोझाली लव्हासर या गायिका आणि नर्तिका गिमार यांनी राणीकडे अर्ज केला की, मिश्रवर्णीयाच्या हुकमाखाली काम करणे आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. सोळाव्या लुईने ते पद कोणालाच न देता ऑपेराचा कारभार दरबाराच्या खात्याकडे घेतला. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांना फ्रान्समध्ये प्रवेशबंदी करणारा हुकूम निघाला. तलवारीने चकित करणारा, मेजवानीत नाचणारा, मैफलीत वाजवणारा सँ जॉर्ज पॅरिसला हवा होता; गोऱ्यांना हुकूम देणारा नको होता. अमेरिकेचे जॉन ॲडम्स १७७९ मध्ये पॅरिसमध्ये होते. त्यांनी आपल्या रोजनिशीत त्याला युरोपातील सर्वात निपुण पुरुष ठरवले आणि घोडेस्वारी, धावणे, नेमबाजी, तलवार, नृत्य असे त्याचे गुण मोजले. त्या यादीत संगीत अगदी शेवटी येते.

१७८१ मध्ये पैशाअभावी वाद्यवृंद बंद पडला. त्यातील वादकांना घेऊन त्याने नवा उभा केला. हायडनच्या सहा ‘पॅरिस सिंफनी’ याच वाद्यवृंदासाठी लिहिल्या गेल्या. परंतु १७८५ च्या नोव्हेंबरात ओर्लेआँचे वृद्ध ड्यूक वारले. त्यांच्या पत्नीच्या खासगी रंगमंचाचे संगीत सँ जॉर्जकडे होते. तो रंगमंच मिटला आणि त्याबरोबर त्याचा मोठा आधारही गेला. तेव्हा लहानपणी हौसेने उचललेली तलवार पोटासाठी उपयोगी पडली. लंडनला आणि नंतर ब्रायटनला त्याचे जाहीर सामने झाले. चाळिशी ओलांडलेला हा संगीतकार आता मुख्यतः तलवारीचा खेळाडू म्हणून ओळखला जात होता.

राज्यक्रांतीने समानतेची घोषणा केली आणि तो तिच्या बाजूने उभा राहिला. १७९२ मध्ये कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्वयंसेवकांची एक फौज उभी झाली. सँ जॉर्ज तिचा कर्नल होता आणि हाताखाली होता कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाचा पिता. त्याच क्रांतीने १७९३ मध्ये त्याला पदावरून हटवून तुरुंगात टाकले. १७९४ मध्ये सुटका झाली, पण पलटण परत मिळाली नाही. पुन्हा वाद्यवृंदाकडे वळलेला हा कलावंत जून १७९९ मध्ये मूत्राशयाच्या विकाराने पॅरिसमध्ये निवर्तला.

तीन वर्षांनी नेपोलियनने वसाहतींत गुलामगिरी पुन्हा सुरू केली. ग्वादलूपमध्ये ती बंदुकीच्या जोरावर लादणारा सेनापती होता रिशपाँस. पॅरिसमध्ये मादलेन चर्चजवळच्या एका रस्त्याला दीर्घकाळ त्याचे नाव होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी नगरपालिकेने ते काढले. तेव्हापासून तो रस्ता शेव्हालिए द सँ जॉर्जच्या नावाने ओळखला जातो.