विनोबांची कुदळ आणि आपलं हृदय

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास आपण सगळे इथे राहायला आलो. तेव्हा चाळिशीत असलेली मंडळी आज पासष्टीच्या पुढे गेली आहेत. कोजागिरीला गच्चीवर बसलं की आता मुलांच्या परीक्षांपेक्षा इको, शुगर आणि बीपीच्याच गप्पा जास्त होतात.

स्मरणिका समितीनं मला एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं. मी विनोबा भावे निवडले. ते भूदानासाठी सर्वांना माहीत आहेतच. पण गेल्या वर्षी मला हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला, हृदयाचं पंपिंग कमी झालं आणि घरच्यांनी प्रेमापोटी मला गॅलरीतल्या खुर्चीत बसवून ठेवलं. पाणीसुद्धा हातात मिळायचं. त्या दिवसांत विनोबांचं चरित्र पुन्हा हाती आलं आणि त्यातल्या एका प्रसंगानं मला खुर्चीतून उठवलं. तो प्रसंग सांगण्यासाठीच हा लेख.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, म्हणून शिक्षण तिकडे झालं. शरीर लहानपणापासून किरकोळच. पण चालण्याची आवड दांडगी होती, बडोद्याचे रस्ते ते तासन् तास पायी तुडवत. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा मध्येच सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली.

पुढच्याच वर्षी त्यांनी आश्रमातून एका वर्षाची रजा घेतली. कारणं दोन होती: वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृतचा अभ्यास करणं आणि बिघडलेली प्रकृती सुधारणं. प्रकृतीसाठी त्यांनी काय केलं, तर आधी रोज दहा-बारा मैल चालणं, मग जात्यावर दळण आणि शेवटी चालण्याबरोबर रोज तीनशे सूर्यनमस्कार. वर्ष संपल्यावर ते परत आश्रमात हजर झाले.

१९२१ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं. पुढची सतरा वर्षं सूतकताई, शिकवणं, तुरुंग आणि अगदी कमी आहार यांत गेली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली, ती आज घराघरात आहेत. मात्र शरीर झिजत गेलं. १९३८ साली वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आलं. आजूबाजूच्यांना वाटलं, आता हे फार दिवस काढत नाहीत. गांधीजींनी त्यांना बोलावून हवापालट करायला सांगितलं. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी विनोबा वर्ध्याजवळच पवनारला, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला गेले.

आता तो प्रसंग. पवनारला त्यांनी डोक्यातली सगळी कामं बाजूला ठेवली आणि हातात कुदळ घेतली. पहिल्या दिवशी शेतात फक्त पाच मिनिटं खणलं. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त. असं रोज मिनिटा-दोन मिनिटांनी वाढवत नेलं. खणताना मध्ये मध्ये क्षणभर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खणायचं. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर, म्हणजे ५८ किलोपर्यंत गेलं. ज्यांच्या जगण्याची खात्री नव्हती ते विनोबा १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून उभे राहिले.

त्यांना हृदयरोग होता असं मी म्हणत नाही. मात्र थोड्यापासून सुरुवात, रोज बेतानं वाढ आणि मध्ये विश्रांती, ही त्यांची रीत आज हृदयरोग्यांना शिकवली जाते तशीच आहे. त्या काळी वैद्यकशास्त्राचं मत उलट होतं. हार्ट अ‍ॅटॅक आलेल्याला चार-सहा आठवडे पलंगावरून हलू देत नसत. अमेरिकेत डॉ. सॅम्युएल लेव्हाइन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ च्या सुमारास अशा रोग्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेसुद्धा धाडस वाटलं. म्हणजे ज्या खुर्चीला मी कंटाळलो होतो, तीच एके काळी मोठी क्रांती होती!

पडून राहण्यानं काय होतं, हे १९६६ साली डलासला तपासलं गेलं. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर ठेवलं. त्यांची दमश्वासाची ताकद एवढी घसरली, की तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं तेव्हा तीस वर्षांच्या वयानंही तेवढी घट झालेली नव्हती. आणि पन्नाशीतल्या त्याच मंडळींनी सहा महिने बेताबेतानं व्यायाम केल्यावर वयानं नेलेली ताकद परत मिळवली.

आता विनोबांकडे परत येऊ. ८ मार्च १९५१ रोजी ते पवनारहून पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. अंतर सुमारे तीनशे मैल आणि वय पंचावन्न पूर्ण. आपली हिंगोलीसुद्धा तेव्हा हैदराबाद राज्यातच होती. संमेलनानंतर ते तेलंगणात फिरले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीन दलितांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं.

त्यानंतर तेरा वर्षं हा माणूस चालत होता. पहाटे अंधारात निघायचं, रोज सरासरी दहा-बारा मैल, मुक्कामाच्या गावी सभा, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. पोटात अल्सर होता. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडीलला मलेरियानं त्यांना मरणाच्या दारात नेलं. आधी औषध नको म्हणत होते, लोकांच्या आग्रहानं अखेर घेतलं आणि बरं वाटल्यावर पुन्हा निघाले. १९५८ साली ते पंढरपूरला आले आणि सर्व धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाचं दर्शन घेतलं. आपल्या नर्सीचे नामदेव महाराज पंढरपूरहून पंजाबपर्यंत पायी गेले होते, त्याच वाटेवरचा हा दुसरा चालणारा. १० एप्रिल १९६४ रोजी विनोबा पवनारला परतले, तेव्हा वय अडुसष्ट होतं. मिळालेल्या चाळीस लाखांहून अधिक एकरांपैकी बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं आहे. पण पायांनी त्यांचं काम चोख केलं.

वय वाढतं तसा हृदयाचा स्नायू ताठर होत जातो. रबर जुनं झाल्यावर जसं ताणत नाही, तसं हृदय नीट सैल होऊन रक्तानं भरत नाही, म्हणून जिना चढताना धाप लागते. २०१८ साली डलासच्याच डॉक्टरांनी दाखवलं, की बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या आसपासच्या माणसांनी दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस नेमानं व्यायाम केला तर हा ताठरपणा कमी होतो. सत्तरीच्या आसपास व्यायाम सुरू करणाऱ्यांच्या हृदयाचा ताठरपणा वर्षभरात फारसा गेला नाही, पण अंगातली ताकद मात्र वाढली. म्हणून आपल्या पोराबाळांनी, जी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि माझ्यासारख्या कमी पंपिंगवाल्यांचं काय? २००९ साली अशा २,३३१ रोग्यांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली केलेला व्यायाम त्यांना धोक्याचा ठरला नाही. मृत्यू आणि दवाखान्याच्या फेऱ्या थोड्याच कमी झाल्या, पण रोजचं जगणं सुधारलं. पंपिंगचा आकडा फार चढत नाही. सुधारणा होते ती मुख्यतः पायांच्या स्नायूंत आणि रक्तवाहिन्यांत. ते तयार झाले की तेवढ्याच रक्तात जास्त काम होतं आणि हृदयावरचा भार हलका होतो. पण छातीत दुखत असेल, पायावर सूज असेल, बसल्या जागी दम लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग चालणं. गोळ्या तर सोडायच्याच नाहीत.

विनोबाही अमर नव्हते. उतारवयात पायी चालणं जमेना तेव्हा त्यांनी गाडीतून प्रवास केला, १९७० पासून पवनारलाच राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, देह ठेवला. व्यायामानं मरण टळत नाही. पण १९३८ साली ज्यांच्याबद्दल लोकांनी आशा सोडली होती, ते त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं जगले आणि त्यातली तेरा वर्षं चालण्यात गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तपासून होकार दिला. पहिल्या दिवशी गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पाच मिनिटं चाललो. सूनबाई मागून चालत होती, तिचे डोळे माझ्या छातीवर. आज पस्तीस मिनिटं होतात, मध्ये दोनदा बाकावर टेकून. खुर्ची अजून गॅलरीतच आहे, तिच्यावर आता तुळशीची कुंडी ठेवली आहे.

सोसायटीत अजून चार-पाच खुर्च्या अशाच भरलेल्या आहेत, हे मला माहीत आहे. त्या घरच्यांना हात जोडून सांगणं आहे: डॉक्टरांना एकदा विचारा आणि आजोबांना, आजींना पाच मिनिटांसाठी खाली पाठवा. सकाळी साडेसहाला मी गेटपाशी असतो.