छायाचित्रकार कै. दादासाहेब फाळके

कै. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. इ. स. १९१३ च्या मे महिन्यात त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला आणि आपल्या देशात चित्रपटाचा धंदा उभा राहिला, हे शाळकरी मुलासही सांगता येते. परंतु त्या वेळी दादासाहेबांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. तत्पूर्वीची वीस-बावीस वर्षे हा गृहस्थ काय करीत होता, असे विचारल्यास बहुतेक जण निरुत्तर होतात. ती वर्षे मुख्यतः काचेच्या प्लेटा, भात्याचा कॅमेरा, काळे कापड आणि अंधारी खोली यांच्या सहवासात गेली. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा पाया तेथेच आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याच भागाचा विस्तार करण्याचे योजिले आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकनजीक त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांस संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले व कुटुंब मुंबईस आले. मुलाने मात्र पोथी बाजूस ठेवून कुंचला हाती घेतला. १८८५ साली तो सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला, आणि पुढे बडोद्यास वडील बंधूंकडे गेला. मुंबईहून बडोद्यास जाणारा लोहमार्ग तो हाच, जो आपल्या पालघर व बोईसर स्थानकांवरून जातो. मासवणच्या माणसास आजही आगगाडी गाठावयाची म्हणजे पालघरच गाठावे लागते.

बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही संस्था काढली होती. हुन्नर हाताने करून शिकावा, हा तेथील बाणा. फाळक्यांनी तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचाही अभ्यास आरंभिला. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी केलेल्या नाट्यगृहाच्या नमुन्यास सुवर्णपदक मिळाले, आणि त्यांच्या कामावर खूश झालेल्या एका चाहत्याने त्यांस एक किमती कॅमेरा भेट दिला.

तो काळ आजच्या तरुणांच्या डोळ्यांपुढे उभा करणे अवघड आहे. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे लाकडी चौकट, चामड्याचा घडीचा भाता, पुढे भिंग आणि मागे घासलेली काच. तिपाईवर तो उभा करून छायाचित्रकार डोक्यावरून काळे कापड घेई. काचेवर समोरचे दृश्य उलटे दिसे. माणसाचे डोके खाली, पाय वर. ते पुढेमागे सरकवून स्पष्ट करावयाचे, मग काच काढून तेथे प्लेटेची पेटी बसवावयाची आणि भिंगावरील झाकण काढून मनाशी अंक मोजावयाचे. फुल प्लेट म्हणजे साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच लांब अशी काच. पेटीत ती एक किंवा दोन मावत. दिवसभर हिंडावयाचे तर काचेचे ओझे डोक्यावर. बसणारा हलला की प्लेट फुकट गेली. याकरिता मानेमागे लोखंडी आधार लावीत, आणि लहान मूल असले तर त्याची आईही घामाघूम होई. घरी आल्यावर तांबड्या दिव्याच्या उजेडात प्लेट धुवावयाची, हायपोत बुडवावयाची, वाळवावयाची, आणि मग कागदावर ठेवून उन्हात छापावयाची. चित्र प्लेटेएवढेच येई. पण त्यात साडीच्या काठाचा धागा न् धागा मोजता येई. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रणाच्या हौशी मंडळींची संस्था निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तीत होते. म्हणजे विद्या नवी नव्हती, पण तोवर ती बव्हंशी धनिकांची व विद्वानांची हौस होती. तिच्यावर पोट भरू पाहणे हे निराळेच धाडस होय.

गज्जरांच्या उत्तेजनाने फाळके रतलाम येथे गेले व बाबूलाल वरुवाळकर यांच्या हाताखाली ठसे तयार करण्याची, छायाचित्र शिळेवर उतरविण्याची आणि रंगीत छपाईची कामे शिकले. रंगीत छपाईचे मर्म थोडक्यात असे, की एकाच चित्राची तांबडी, हिरवी व निळी काच लावून तीन निरनिराळी छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यांवरून केलेले तीन ठसे पूरक रंगांत एकावर एक छापावयाचे. केसभर चूक झाली की ओठांचा रंग गालावर जातो. या विद्येस नजर पाहिजे, रसायनांचे ज्ञान पाहिजे आणि सर्वांहून अधिक म्हणजे थांबण्याची ताकद पाहिजे.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्रा येथे स्वतंत्रपणे छायाचित्रणाचा धंदा मांडला. संसार सुरू झाला होता, घरात मूल होते. तोच प्लेगाची साथ आली आणि १९०० च्या सुमारास पत्नी व अपत्य दोन्ही तिने ओढून नेली. त्या वर्षांत आपल्या ठाणे जिल्ह्यानेही प्लेग पाहिला आहे. घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणी महाराष्ट्रभर सांगितल्या जात. फाळके एकटे बडोद्यास परतले. तेथे पुन्हा दुकान मांडले, तो निराळेच संकट. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व फोटो काढलेला मनुष्य लवकर मरतो, असा समज लोकांत पसरला. त्यास आज हसणे सोपे आहे. पण ज्या गावांनी घरटी एक मढे उचलले होते, त्यांनी काळ्या कापडाखाली शिरणाऱ्या माणसास भ्यावे यात नवल ते काय? ज्याची स्वतःची बायको व मूल मृत्यूने नेले, त्यालाच लोकांनी मृत्यूचा दूत समजावे, हा मात्र दैवाचा क्रूर खेळ म्हणावा लागेल. गिऱ्हाईक येईना. फाळक्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून, स्वतःचे आडनाव उलटे करून, प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई होत.

१९०३ साली त्यांस पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नक्षाकार म्हणून जागा मिळाली. जुन्या इमारतींची छायाचित्रे घेणे हे भात्याच्या कॅमेऱ्याचे खास काम. उंच शिखराकडे कॅमेरा वर कलविला तर भिंती आत झुकलेल्या दिसतात. म्हणून कॅमेरा ओळंब्यात ठेवून केवळ भिंगाची फळी वर सरकवावी लागते, म्हणजे खांब सरळ येतात. नोकरी पगाराची व मानाची होती. परंतु वंगभंगाच्या चळवळीने देश हालला आणि १९०६ मध्ये फाळक्यांनी ती सोडली. पोरेबाळे असलेल्या माणसाने सरकारी भाकरी टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील नोकरदारांस सांगावयास नको.

त्यानंतर लोणावळे येथे त्यांनी छपाई व ठसे करण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या छापखान्यासाठीही ते काम करीत. कारखाना पुढे दादरला आला व लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून नावाजला. रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहण्याकरिता १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन आले. एवढी घडी बसली आणि भागीदारांशी बिनसले. ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळिशीपार गेलेले, घरात मुलेबाळे, पुढे काही नाही.

अशा स्थितीत १९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर यावेत या ध्यासाने त्यांस पछाडले. अहोरात्र प्रयोग करून डोळे गेले. उपचारांनी दृष्टी परत आली तो पुन्हा प्रयोग. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत दिवसामागून दिवस त्याची एकेक चौकट घेतली. ती फीत फिरविताच अंकुर पडद्यावर झरझर वाढला. हे पाहून ज्यांनी कर्ज दिले त्यांतील यशवंतराव नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी होते. मालाची पारख असणाऱ्यानेच माणूसही ओळखला. आम्हास तर 'राजा हरिश्चंद्रा'पेक्षा हा वाटाणाच अधिक मोलाचा वाटतो. गोध्रा, रतलाम, लोणावळे येथील सारी तपश्चर्या त्यात उतरली आहे.

कोरी फीत विलायतेहून येई ती भोके न पाडलेली. रात्री मुलांची निजानीज झाल्यावर सरस्वतीबाई अंधारात बसून यंत्राने तिच्या कडांस भोके पाडीत. दागिने त्यांनी आधीच दिले होते. त्र्यंबकचे स्नेही तेलंग यांस फाळक्यांनी स्वतः शिकवून कॅमेऱ्यावर उभे केले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांस व ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांस चित्रपट दाखविण्यात आला. पुढील कीर्ती, नाशिकचा कारखाना, 'लंकादहन', कन्या मंदाकिनीचा 'कालियामर्दन'मधील बाळकृष्ण, हे सर्व सुप्रसिद्ध आहे. एकाच फितीवर दोनदा छायाचित्र घेऊन केलेले तेथील चमत्कार मात्र जुन्या प्लेटवाल्यांच्याच पोतडीतील होते, एवढे नमूद केले पाहिजे.

आज खिशातील यंत्राने वर्षाचे पोरही चित्र टिपते. तरीही जगात काही हौशी मंडळी अजून भात्याचा कॅमेरा तिपाईवर चढवितात, चार बाय पाच इंची फिल्म एकेक करून पेटीत भरतात आणि कापडाखाली उलटे जग न्याहाळतात. दिवसाकाठी दोन-चार चित्रे झाली तरी त्यांस पुष्कळ वाटते.

दादासाहेबांचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले. बोलपटांचे युग आल्यावर कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट १९३७ सालचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देत आहे.