टपालाची कविता पडद्यावर आणणारा चित्रकार

माणूस गाव बदलतो, आणि त्याच्या नावचे पत्र त्याच्या मागोमाग हिंडू लागते. पाकिटावर शिक्क्यांची दाटी होते. मुलूख सोडून पिढ्यान् पिढ्या परप्रांती राहिलेल्या आपल्या घराण्यांना हे काय सांगावे? रशियन बालकवी सॅम्युएल मार्शाक यांच्या ‘टपाल’ ह्या कवितेत असेच एक रजिस्टर पत्र आहे. प्रवासास निघालेल्या झितकोव्ह नामक गृहस्थांना गाठण्यासाठी ते लेनिनग्राडहून बर्लिन, लंडन, ब्राझील असे करीत पृथ्वीला वळसा घालते आणि अखेर लेनिनग्राडातच त्यांच्या हाती पडते.

ह्या कवितेच्या १९२७ सालच्या पुस्तकाची चित्रे मिखाईल त्सेखानोव्स्की यांनी काढली. जन्म १८८९ चा, युक्रेनमधील प्रोस्कुरोव्हचा. तारुण्यात पॅरिसला शिल्पकला शिकून आलेला हा गृहस्थ मुलांच्या पुस्तकांत रमला होता. पण ही चित्रे त्यांना कागदावर स्वस्थ बसू देईनात. १९२९ साली त्यांनी कवितेचाच मूकपट केला. कागदातून कापलेल्या सपाट बाहुल्या कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, केसभर सरकवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या! कवितेतले शब्द चित्रांनी समजावून सांगण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. त्यांनी उचलली ती कवितेची चाल: टपालवाल्याची पावले, आगगाडीची धाव, हातोहात पुढे जाणारे पत्र. पुढच्याच वर्षी डेशेव्होव्ह यांच्या संगीतासह त्याची सवाक आवृत्ती निघाली.

मग त्यांनी थेट पुश्किनला हात घातला. कंजूष धर्मगुरू आणि त्याचा गडी बाल्दा यांची ती पद्यकथा. संगीतकार मिळाले शोस्ताकोविच, अजून विशीतलेच. नेहमीची रीत सोडून येथे संगीत आधी, चित्रे मागाहून. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यात १९३६ च्या जानेवारीत ‘प्रावदा’ने शोस्ताकोविच यांच्या एका संगीतिकेवर तोफ डागली, आणि हा चित्रपटही अपुराच राहिला. जे काही चित्रित झाले होते ते लेनिनग्राडच्या स्टुडिओत पडून होते. १९४१ साली, महायुद्धात, तेथे आग लागली. वाचला तो फक्त बाजाराचा प्रसंग, काही मिनिटांचा. तो पत्नी वेरा यांनी जपला म्हणून आज पाहता येतो. त्यातली गर्दी, गलका आणि धिटाई पाहिली म्हणजे उरलेल्याची हळहळ अधिकच वाटते.

युद्धकाळातच ते मॉस्कोच्या सोयूझमुल्टफिल्म संस्थेत गेले. ‘बेडूक राजकन्या’ (१९५४) आणि ‘रानहंस’ (१९६२) हे त्यांचे तेथले परीकथापट. देखणे खरे, पण त्यात तो जुना उनाडपणा नाही.

१९६४ साली, पंचाहत्तरीत, त्यांनी वेरा यांना जोडीला घेऊन पुन्हा मार्शाकांचीच कविता काढली. ह्या खेपेस ते रजिस्टर पत्र रंगीत झाले आणि रुंद पडद्यावर जगप्रवासास निघाले. पुढच्या वर्षी, १९६५ साली, त्सेखानोव्स्की वारले.