साताऱ्याहून परत फिरलेला परीक्षार्थी

१८७५ सालच्या पावसाळ्यांत कोंकणांतील मुरूडचे कांहीं तरुण पाठीस गांठोडीं बांधून आपल्या साताऱ्याकडे पायीं निघाले. सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा उतरल्यावांचून शिक्षकाची वा कारकुनाची जागा मिळणें कठीण असे. समुद्र खवळलेला, तेव्हां मुंबईस गलबतानें जाण्याची सोय नव्हती. कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनीं तुडविली. त्यांतील धोंडो केशव कर्वे मात्र अंगानें इतके लहानखुरे, कीं दाखला जवळ असूनही सतरा वर्षें पुरीं झालेलीं दिसत नाहींत असें ठरवून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. एवढ्या पायपिटीचें हें फळ!

पुढील वर्षीं कोल्हापुरास ते ती परीक्षा उतरले. मॅट्रिक व्हावयास १८८१ साल उजाडलें, वय तेवीस. एल्फिन्स्टन कॉलेजांत खर्चासाठीं शिकवण्या करीतच ते १८८४ त गणित घेऊन बी. ए. झाले. पुढें मुंबईस त्यांनीं मुलींच्या दोन इंग्रजी शाळा आणि मराठा हायस्कूल अशीं कामें एकदम सांभाळलीं. दिवस कसा पुरत असेल, कोण जाणे! त्याच धांवपळीच्या काळांत, १८९१ त, त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली.

त्याच वर्षीं गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. १८९३ त विधवेशीं विवाह केल्यामुळें मुरूडनें त्यांस बहिष्कृत केलें. १९१६ त त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें व शिक्षण मातृभाषेंतून ठेविलें. कॉलेजांत आरंभीं विद्यार्थिनी अवघ्या पांच होत्या.