काचेचे ओझे वाहणारा गिर्यारोहक

डोंगरात भटकंतीला निघताना कॅमेरा कसा न्यावा, पावसापासून, धुळीपासून आणि आदळआपटीपासून तो कसा जपावा, हा प्रश्न आजच्या हौशी छायाचित्रकारालाही पडतो. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिमशिखरे चढणाऱ्या व्हित्तोरिओ सेला या इटालियन गिर्यारोहकापुढे तो केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. त्यांचा कॅमेरा सुमारे १८ किलो वजनाचा होता आणि त्यात बसणारी प्रत्येक काच जवळपास एक किलोची. वाटेत एखादी काच तडकली, तर तिच्यावर उमटलेले शिखर कायमचे हरवणार होते. ते पुन्हा टिपण्यासाठी त्या जागी परत जाता येईल, याची शाश्वती नव्हती.

सेला यांचा जन्म २८ ऑगस्ट १८५९ रोजी उत्तर इटलीतील बिएला या गावी झाला. लोकरीच्या कापडाच्या व्यवसायासाठी ते प्रसिद्ध होते. डोंगर आणि छायाचित्रण हे दोन्ही संस्कार त्यांना घरातच लाभले. वडील जुझेप्पे वेनान्त्सिओ सेला यांनी १८५६ मध्ये छायाचित्रणावर इटालियन भाषेत एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला होता. काका क्विन्तिनो सेला यांनी १८६३ मध्ये इटालियन आल्पाइन क्लबची स्थापना केली होती. मार्च १८८२ मध्ये व्हित्तोरिओ यांनी मॅटरहॉर्न हे शिखर प्रथमच हिवाळ्यात सर केले. पुढे मोंते रोझा आणि मोंट ब्लाँकवरही त्यांनी हिवाळी चढाया केल्या.

त्यांनी छायाचित्रणास प्रारंभ केला, तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत प्रचलित होती. जागेवरच काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच प्रकाश द्यायचा आणि लगेच धुवायची. त्यासाठी अंधारा तंबूही डोंगरावर न्यावा लागे. कोरड्या जिलेटिन प्लेट्स मिळू लागल्या आणि हा व्याप सुटला. काचेचे वजन आणि तिचा ठिसूळपणा मात्र सुटला नाही. सेला यांनी ३० बाय ४० सेंटिमीटर एवढ्या मोठ्या आकाराच्या प्लेट्स निवडल्या. त्या काळी छायाचित्राची प्रत बहुधा काच कागदावर ठेवूनच काढली जाई. साहजिकच जेवढी काच मोठी, तेवढेच चित्र मोठे. हिमनदीतील बारीकसारीक भेग आणि कड्यावरील प्रत्येक धार स्पष्ट दिसावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाची किंमत पाठीवरच्या ओझ्याने मोजावी लागत होती.

एवढ्या मोठ्या काचा दुर्गम भागात नेण्यासाठी तयार साधने पुरेशी नव्हती. सेला यांनी ओझ्याच्या जनावरांच्या खोगिरांमध्ये आणि पाठीवरच्या सॅकमध्ये स्वतः बदल करून घेतले, जेणेकरून चालताना बसणारे हिसके काचांपर्यंत पोहोचू नयेत. धोका केवळ पडण्याचाच नव्हता. दमट हवेत लाकडी कॅमेरा फुगतो. गारठलेली काच वा भिंग उबदार तंबूत आणले की त्यावर दव धरते. प्लेट्स बदलण्यासाठी पूर्ण अंधार लागतो. दिवसभराच्या चढाईनंतर थकलेल्या हातांनी हे सारे करावे लागे. पुढील काळात त्यांनी २० बाय २५ सेंटिमीटरचा तुलनेने लहान कॅमेराही वापरला. तरीही काचेचे ओझे होतेच.

१८८९, १८९० आणि १८९६ अशा तीन वेळा ते कॉकेशस पर्वतात गेले. तेथील विस्तीर्ण दृश्यमालिकांमुळे त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. १८९७ मध्ये आब्रुझीचे ड्यूक लुइजी आमेदेओ यांच्यासमवेत त्यांनी अलास्कातील माउंट सेंट एलियसचे शिखर गाठले. ते शिखर सर करणारी ती पहिलीच मोहीम होती.

भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी मोहीम १८९९ ची. ब्रिटिश गिर्यारोहक डग्लस फ्रेशफिल्ड यांनी कांचनगंगेला प्रदक्षिणा घालण्याचे ठरवले. सप्टेंबरमध्ये ही तुकडी दार्जिलिंगहून निघाली. तीत व्हित्तोरिओ, त्यांचे बंधू एर्मिनिओ आणि त्या प्रदेशाची माहिती असलेले सर्वेक्षक रिन्झिन नामग्याल होते. त्याच महिन्याच्या अखेरीस मोठे वादळ आले. दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळून जीवितहानी झाली आणि उंचावर प्रचंड हिमवृष्टी झाली. त्या खोल बर्फातून वाट काढत ही तुकडी सहा हजार मीटरहून उंच असलेली जोंगसोंग खिंड ओलांडून नेपाळमध्ये उतरली. अशा वाटेने काचा सुखरूप परत आल्या. झेमू हिमनदीच्या परिसरातून टिपलेले सिनिओल्चू शिखराचे छायाचित्र त्यामुळेच जगाला पाहता आले. त्या शिखरावर माणसाचे पाऊल पडले, ते थेट १९३६ मध्ये.

१९०६ मध्ये आफ्रिकेतील पावसाळी, धुक्याने वेढलेल्या रुवेन्झोरी पर्वतात आणि १९०९ मध्ये काराकोरममधील केटू मोहिमेवर ते पुन्हा ड्यूकसमवेत गेले. केटूच्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. शिखर हाती आले नाही. मात्र बाल्तोरो हिमनदी आणि तिच्या भोवतालच्या शिखरांची जी छायाचित्रे सेला यांनी आणली, ती पुढच्या पिढ्यांतील गिर्यारोहकांनी वाट शोधण्यासाठी अभ्यासली. अखेर १९५४ मध्ये इटालियन तुकडीनेच केटू सर केले. तेही ड्यूकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धारेवरून.

या यशात एक बाजू झाकोळलेली राहते. काचांची ही ओझी सेला यांनी एकट्याने वाहिली नाहीत. आल्प्समधील वाटाडे, सिक्कीम आणि बाल्टिस्तानचे भारवाहक, रुवेन्झोरीच्या पायथ्याचे हमाल यांच्या पाठीवरून ती चढली आणि उतरली. चित्राखाली नाव एकाचे असते. त्यातील बहुतेकांची नावे कोठेही नाहीत. एखाद्याचा पाय घसरला असता, तर आज ते चित्रही नसते.

सेला अखेरपर्यंत डोंगरापासून दूर गेले नाहीत. वयाच्या ७६ व्या वर्षी ते पुन्हा मॅटरहॉर्नवर निघाले होते. एक वाटाड्या जखमी झाल्याने त्यांना माघारी फिरावे लागले. १२ ऑगस्ट १९४३ रोजी, महायुद्ध सुरू असताना, बिएला येथेच त्यांचे निधन झाले. अमेरिकेचे थोर छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स त्यांच्या चित्रांपुढे नतमस्तक झाले होते. रुवेन्झोरीतील एक शिखर आज त्यांचे नाव धारण करते आणि त्यांचा संग्रह त्यांच्याच गावातील सेला प्रतिष्ठानाने जतन केला आहे.

शिखरावर पोहोचणे हे गिर्यारोहकाचे अर्धेच काम, सुखरूप खाली येणे हे उरलेले अर्धे, असे मानले जाते. सेला यांच्या बाबतीत या उरलेल्या अर्ध्यात काचाही होत्या.