उड्या मारणाऱ्या चेंडूचे जनक

पडद्यावर गाण्याची ओळ येते आणि एक पांढरा चेंडू शब्दाशब्दावर टुणटुण उड्या मारत जातो. चेंडू ज्या शब्दावर पडेल, तो प्रेक्षकांनी गायचा. ही युक्ती पडद्यावर आणणाऱ्या मॅक्स फ्लायशर यांच्याविषयी मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८८३ साली क्राकोव्ह शहरात झाला. लहानपणीच ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले. चित्रकला आणि यंत्रे या दोन्हींत त्यांना गती होती. फिल्मवरचे एकेक चित्र काचेवर पाडून ते गिरवायचे, म्हणजे कार्टून खऱ्या माणसासारखे हलते, असे रोटोस्कोप नावाचे यंत्र त्यांनी बनवले. १९१७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्यांचा भाऊ डेव्ह विदूषकाच्या वेषात कॅमेऱ्यापुढे नाचला आणि त्यातून कोको हे पात्र जन्मले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यासाठी प्रशिक्षणाच्या फिल्म बनवल्या. नकाशावरील समोच्च रेषा कशा वाचाव्यात, हा त्यातला एक विषय होता. मॅप रीडिंगच्या तासाला आम्ही कॅडेट त्याच रेषांशी झुंजतो, म्हणून मला ते आणखी जवळचे वाटले.

१९२४ पासून त्यांच्या गाण्यांच्या छोट्या फिल्म येऊ लागल्या. त्यातला चेंडू कागदावर काढलेला नव्हता. काठीच्या टोकाला लावलेला खरा चेंडू एक जण तालावर हलवत असे. १९२६ च्या 'माय ओल्ड केंटकी होम'मध्ये चित्राला जोडून आवाजही होता. डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' त्यानंतर दोन वर्षांनी आला. तरी पहिल्या बोलक्या कार्टूनचा मान बहुतेक लोक 'स्टीमबोट विली'लाच देतात.

पुढे बेटी बूप आणि पॉपाय यांनी फ्लायशर स्टुडिओला कीर्ती दिली. पण १९४२ पर्यंत स्टुडिओ त्यांच्या हातून गेला. १९५० च्या दशकात त्या फिल्म टीव्हीसाठी विकल्या गेल्या, तेव्हा सुरुवातीच्या मूळ पाट्या बदलण्यात आल्या. आपले नाव काढल्याबद्दल मॅक्स न्यायालयात गेले, पण त्यांना यश आले नाही. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

आज जुन्या कार्टूनचे संग्राहक मूळ पाट्या शाबूत असलेली प्रिंट चिकाटीने शोधतात. पूर्वी मला हा नुसता छंद वाटे. आता वाटते, अशी प्रत्येक प्रिंट सापडली की एका कलावंताचे नाव पुन्हा आपल्या जागी येते.